दिवसा घरात असणारं मोठं माणूस

३ मार्च

ताई,

'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दामच लिहिलेलं नाही. अठ्ठावीस वर्षं तू दर वर्षी एक पत्र पाठवतेस आणि मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. आता एकदम 'प्रिय' म्हटलं तर तुलाच हसू फुटेल. पत्रं सगळी जपून ठेवली आहेत, उघडली मात्र निम्मीच. प्रत्येकाच्या शेवटी तू फोन नंबर देतेस. फोन मी करणार नाही. त्याला कारण आहे, ते सवडीनं सांगेन.

मी नर्स झाले हे मावशीनं तुझ्या कानावर घातलंच असेल. आमचं आरोग्य केंद्र म्हणजे चार खोल्या, एक वजनकाटा, एक डॉक्टरीणबाई आणि आम्ही तिघी. दिवसभर लोक मला 'सिस्टर, सिस्टर' करत असतात. बहीण म्हणून मी किती लायकीची आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही, म्हणून त्या हाकेला ओ देताना मला अजून अवघडायला होतं.

लिहायला बसले ती एका घरामुळे. आमच्या केंद्राच्या मागे रंगाच्या कारखान्याच्या चाळी आहेत, आठ रांगा. कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली. माणसं तिथंच आहेत, खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा दाराला चिकटवलेल्या आहेत. वरून हुकूम आला की घरोघर जाऊन तक्ता भरा. कोणाचं घर आतून आधी कोसळेल ते आम्ही आधीच ओळखायचं. माणसांचं म्हणतेय मी, भिंतींचं नाही. खोल्या किती, कमावणारे किती, काम सुटून किती महिने झाले, कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे का, दिवसा घरात असणारं मोठं माणूस आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. बारा किंवा वर गेले की कार्डावर लाल ठिपका आणि दर गुरुवारी येणाऱ्या समुपदेशक बाई त्या घरी जातात, बसतात, बोलतात. बाराच्या खाली असलेल्यांना एक छापील कागद मिळतो.

एका दुपारी चाळीस घरं करायची असतात, त्यामुळे आत कोणीच जात नाही. आमच्यातल्या थोरल्या नर्सनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "विचारत बसलीस तर इथंच म्हातारी होशील. दारातल्या चपला मोज, आतून आवाज आला की टिक कर आणि पुढे चल." आम्ही तिघीही तसंच करतो.

सहाव्या रांगेतलं शेवटचं घर. भर दुपार होती. दारात लहान चपलांचे दोन जोड, मोठा एकही नाही. मी कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण आहे गं?" थकलेला, शेवटाला जरा ओढलेला. मग चपला फरपटत दाराकडे आल्या. दार वीतभर उघडलं आणि फटीत एक बारा वर्षांची मुलगी उभी होती, केस चापून बसवलेले, पाय अनवाणी. बायकी चपलांचा मोठा जोड तिच्या पायाशी पडलेला होता, नुकताच काढल्यासारखा.

"आई न्हाणीत गेली," ती म्हणाली. "बाबा आता जहाजावर असतात. आम्ही बरे आहोत."

गुण अकरा झाले. मोठं माणूस घरात नाही असं लिहिलं असतं तर चौदा झाले असते. मी टिक केली. 'प्रत्यक्ष पाहिले' असा एक चौकोन असतो, त्यातही केली.

तुझ्या पत्राचं उत्तर नाही हे. उगाच काही समजून घेऊ नकोस.

२१ मार्च

ताई,

तुझं उत्तर लगेच आलं. अजून उघडलेलं नाही.

त्या घरी पुन्हा गेले होते. जायचं काही कारण नव्हतं, धाकटीच्या लसीचं निमित्त काढलं. धाकटी पाच वर्षांची आहे, गोल चेहऱ्याची, थोरलीच्या पाठीमागून एका डोळ्यानं बघणारी. पुन्हा तेच. कडी, "कोण आहे गं?", फरपटत आलेल्या चपला, वीतभर दार. आई आज झोपली होती.

शेजारी एक शिंपीणबाई राहते, दारातच मशीन घेऊन बसते. मी सहज विचारलं, कशी आहे हो ही बाई? ती म्हणाली, "माणूसघाणी आहे. तोंड म्हणून दाखवत नाही. पण आवाज असतो हो तिचा दिवसभर. पोरींना हाका मारते, चालते, भांडी घासते."

आवाज असतो, हे खरं. एवढंच की तो दर वेळी तेच तीन शब्द बोलतो, त्याच चालीत. पोरीला एकच वाक्य येतं. आपण निदान बदलून बदलून बोलायचो. 'आले हं' म्हणायचो, 'चहा टाकलाय' म्हणायचो, तू तर मधूनच खोकायचीस.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

१६ एप्रिल

ताई,

आज केंद्रात मुलांची वजनं होती. चाळीतली सगळी पोरं उतरणीला लागली आहेत, कोणी अर्धा किलो, कोणी एक. कारखाना बंद असल्यावर दुसरं काय होणार? सहाव्या रांगेतल्या शेवटच्या घरातली धाकटी मात्र तीन महिन्यांत दोन किलो वाढली. डॉक्टरीणबाईंनी तिचं कार्ड हातात धरून सगळ्या आयांना दाखवलं. "बघा," म्हणाल्या, "बाप जहाजावर, पैसे कधी येतात कधी नाही, तरी या आईनं पोरीला कसं ठेवलंय. शिका जरा." बायका खाली मान घालून ऐकत होत्या. थोरली भिंतीशी उभी होती. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मी धाकटीला काट्यावरून उतरवताना हळूच विचारलं, "काय गं, काय खातेस एवढं?"

ती म्हणाली, "मी दोनदा जेवते. आधी माझं, मग आईचं."

तुला आठवतंय का, ताट रिकामं दिसलं पाहिजे असं तू सांगायचीस. मावशी अधूनमधून यायची, स्वयंपाकघरात डोकावायची, आणि आईचं भरलेलं ताट तसंच दिसलं तर प्रश्न विचारायची. ते ताट मी संपवायचे. नऊ वर्षांची होते. पोट दुखेपर्यंत जेवायचे आणि त्या वर्षी सगळे म्हणायचे, पोरगी काय छान भरलीये. आई पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. मी तिच्यासमोर बसून तिचा घास खायचे आणि मला वाटायचं, मी तिला मदत करतेय.

म्हणजे मला आज कळलेलं नाही. मला तीन मार्चलाच कळलं होतं, त्या चपला बघितल्या तेव्हा. ते तुला सांगायचं नव्हतं म्हणून पहिल्या पत्रात गोलगोल लिहिलं.

डॉक्टरीणबाईंना काही सांगितलं नाही. कार्डावर 'उत्तम' असा शिक्का मारला आणि पुढच्या पोराला काट्यावर घेतलं.

२ मे

ताई,

माझ्या एप्रिलच्या पत्रावर आलेलं तुझं उत्तर उघडलं. 'त्या मुलींसाठी तरी सांग' एवढंच लिहिलंयस. वाटलंच होतं. सांगणं तुला फार सोपं जातं.

तू सांगितलंस त्याचं काय झालं? आईला गाडीत घालून नेलं. तुला काकांकडे धाडलं, मला मावशीकडे. आई त्या मोठ्या इस्पितळात तीन वर्षं राहिली आणि तिथंच गेली. आपण गप्प राहिलो असतो तर ती घरात गेली असती, आपल्यासमोर. माझं अठ्ठावीस वर्षांचं भांडण एवढंच आहे. चौदा वर्षांची घोडी होतीस तू. तुला दम धरता आला नाही.

गुरुवारी समुपदेशक बाईंनी यादी बघून विचारलं, "सहाव्या रांगेतलं शेवटचं घर अकरावरच अडलंय, बघून येऊ का एकदा?" मी म्हटलं, "नको, आई खमकी आहे. मी भेटलेय ना तिला." किती सहज बोलले. त्या बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या रांगेला गेल्या.

आता फोनचं सांगते. माझा आवाज तुला ऐकवायचा नाही. पस्तिशीनंतर तो खाली उतरला आणि आईच्या आवाजावर जाऊन बसला. एरवी फारसं जाणवत नाही. पण घरी असले आणि दार वाजलं की तोंडातून माझ्याही आधी निघून जातं, "कोण आहे गं?" एकटी राहते मी, ताई. 'गं' कोणाला म्हणते?

मागच्या महिन्यात नवीन दूधवाला लागला. दार उघडल्यावर माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "आई आल्यात वाटतं राहायला?" नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग अर्धा लिटर जास्त ठेवू का?" मी म्हटलं, ठेव. तेव्हापासून रोज दीड लिटर येतं. माझ्या वाटणीचं मी सकाळी पिते. उरलेलं दुपारी पेल्यात काढून टेबलावर ठेवते आणि संध्याकाळी तेही पिते. नर्स आहे मी. हे काय आहे ते मला समजतं. तरी पेला दोन वेळा धुते.

१९ मे

ताई,

आज जे झालं ते आजच लिहिते, उद्या हात धजणार नाही.

दुपारचे दोन वाजले असतील. चाळीच्या नळावर थोरली एकटी पाणी भरत होती. धाकटी बालवाडीत असते त्या वेळी. मी ठरवूनच गेले होते, पण काय ठरवून ते मला माहीत नव्हतं. तिच्या हातातली एक बादली घेतली. आम्ही दोघी रांगेच्या टोकापर्यंत चालत गेलो. उन्हानं सगळी दारं बंद होती, शिंपीणबाईचं मशीनही थांबलेलं होतं.

दारात आल्यावर मी म्हटलं, "मला माहीत आहे तू काय करतेस. मीही करायचे."

तिनं बादली खाली ठेवली. "काय करते?"

मी कडी वाजवली. कशाला वाजवली? ती माझ्या शेजारी उभी होती, आतून कोणी बोलणार नव्हतं, हेच मला तिला दाखवायचं होतं. मोठ्या माणसाचा दुष्टपणा, दुसरं काही नाही.

आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

ताई, तो खऱ्या आईचा आवाज होता. थकलेला, शेवटाला ओढलेला, आणि थोरलीच्या आवाजापेक्षा कितीतरी चांगला जमलेला. क्षणभर मला खरंच वाटलं की ती बाई बरी आहे, उठली आहे, मीच मूर्ख. मग चपला फरपटायला लागल्या. मी थोरलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ घट्ट मिटलेले. तिनं माझा हात धरला, मला वाटतं तिलाही ते कळलं नसावं.

"मी नाही शिकवलं तिला," ती म्हणाली. "शपथ, मी नाही शिकवलं."

दार वीतभर उघडलं. मोठ्या चपलांमध्ये धाकटी उभी होती. बालवाडीला सुट्टी होती म्हणे. मला बघून, त्याच आवाजात, ती म्हणाली, "आई न्हाणीत गेली."

तिच्या चेहऱ्यावर खोटं बोलणाऱ्या पोराचा कसलाही भाव नव्हता. थोरली ओरडली, "तुझ्या आवाजात बोल." धाकटी नुसती बघत राहिली. तिला काय करायला सांगताहेत ते तिला कळलंच नाही.

आणि तिथं, त्या उन्हात, मला तू दिसलीस. शाळेतून आलेली, दप्तर खांद्यावर. तू कडी वाजवलीस आणि आतून मी बोलले. माझ्या मते त्या दिवशी मला सगळ्यांत छान जमलं होतं. तू शाबासकी देशील म्हणून मी दार उघडलं, तर तू पाठमोरी होऊन पळत होतीस, दवाखान्याच्या दिशेनं. एवढी वर्षं मी समजत होते की तू आईला कंटाळून पळालीस. तू आईकडून पळाली नव्हतीस. तू माझा आवाज ऐकलास आणि पळालीस. तुझा तुला चालत होता, माझा ऐकवला नाही. हो ना?

मी दार ढकललं आणि आत गेले. तक्त्यातला तो चौकोन भरल्याला अडीच महिने झाले होते, आणि मी पहिल्यांदाच आत जात होते.

खोली लख्ख होती. भांडी घासलेली, कपडे घडी केलेले. दोन पोरींनी घर असं ठेवलं होतं की कोणीही फसावं. आई भिंतीशी बसलेली होती, तोंड भिंतीकडे. मी खांद्याला हात लावला तर कापडाखाली हाडच लागलं. नाडी होती, पण बारीक. डोळे उघडे. मी बोलले, ते ऐकू येत होतं तिला, पण उत्तर द्यायला लागतं ते काहीतरी तिच्याजवळ उरलेलं नव्हतं. शेजारी ताट होतं, चाटूनपुसून स्वच्छ केलेलं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गाडी येईपर्यंत थोरली दारात आडवी उभी होती.

"तुम्ही म्हणालात, तुम्हीही करायचात," ती म्हणाली. "मग तुम्ही असं कसं करता?"

तेव्हा मी तुला हेच विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस, ताई?

२४ जून

ताई,

गेल्या महिन्याची हकीकत लिहिते. तू दोनदा विचारलंस म्हणून, आणि दोन्ही पत्रं मी आली त्याच दिवशी उघडली म्हणून.

ती बाई जगली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून आठवडा गेला असता तर आपण गेलो असतो ते खांदा द्यायलाच. अठरा दिवस मोठ्या दवाखान्यात होती, आता परत खोलीत आहे. गोळ्या चालू आहेत. आपल्या आईच्या वेळी जे नव्हतं ते आता आहे, हे मला माहीत होतं, रोज तेच तर काम करते मी. तरी मी गप्प बसले. याचा विचार आला की रात्रीचं जेवण जात नाही.

पोरींना वेगळं केलं नाही. त्यासाठी मी भांडले, जिंदगीत पहिल्यांदा वरच्या साहेबांसमोर आवाज चढवून भांडले. शिंपीणबाईनं दोघींना ठेवून घेतलं. तिला सगळं कळल्यावर ती मशीनवर डोकं टेकून बसली होती. "भिंतीला भिंत लागून आहे हो," एवढंच म्हणत होती. "रोज ऐकत होते मी."

डॉक्टरीणबाईंना मी तक्त्याचं खरं सांगितलं. न बघता टिक केली, नंतर कळूनही लपवलं. त्यांनी विचारलं, "अशी किती घरं?" मी म्हटलं, माझी सगळी, आणि बाकी दोघींचीही. कागदोपत्री ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. आता आठही रांगा पुन्हा करतोय, दिवसाला सहाच घरं, आणि आत जाऊन बसतो. कोणाकोणाच्या घरात काय काय सापडलं ते या पत्रात लिहीत नाही. एवढंच सांगते, दारातल्या चपला मी आता बघतसुद्धा नाही.

थोरली माझ्याशी बोलत नाही. मी रांगेत शिरले की ती उलट्या बाजूनं निघून जाते. तिची आई परवा माझ्याशी दोन वाक्यं बोलली, नीट, स्वतःच्या आवाजात, आणि खरं सांगू, तो आवाज पोरींच्या नकलेसारखा मुळीच नव्हता. थोरली तेव्हाही भिंतीकडे बघत होती. मी तिला समजावायला गेले नाही. तिला कोणावर तरी रागवावं लागणारच, तर ते माझ्यावर. किती वर्षं लागतील ते तिचं तिनं ठरवावं. तू तक्रार न करता दर वर्षी एक पत्र लिहीत राहिलीस, तसं काहीतरी मला जमलं पाहिजे.

काळजी धाकटीची आहे. अजून कुठंही दार वाजलं की शिंपीणबाईच्या आधी ती बोलते, त्याच आवाजात. समुपदेशक बाई गुरुवारी तिच्याशी खेळतात. बाहुल्या बोलतात, मांजर बोलतं, वाघ बोलतो. मागच्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "आता तुझ्या आवाजात बोल बघू." पोरीनं बराच विचार केला आणि विचारलं, "माझा कुठला?"

मी कोपऱ्यात कार्डं लावत बसले होते. कार्डं तशीच टाकून बाहेर गेले. तो प्रश्न तिच्या आधी माझा आहे, ताई, आणि मला आजपर्यंत तो कोणी विचारलेला नव्हता.

आज सकाळी दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून अर्धा लिटर कमी ठेव. तो म्हणाला, "का, आई गेल्या का?" मी म्हटलं, "हो. गेली." बिचारा ओशाळला, डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. मी त्याला थांबवलं नाही. ती गेल्यापासून आजवर माझ्या दारात उभं राहून कोणी तिच्यासाठी टोपी काढली नव्हती.

तू येते म्हणालीस. ये. खालून दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे. एवढं एक कर, दार वाजवू नकोस. वाजवलंस की माझ्याआधी आईच बोलेल, आणि तू पुन्हा जिन्यावरून पळत सुटशील. बाहेर उभी राहून मला मुंगी म्हणून हाक मार. ते नाव तूच ठेवलेलं, आईनं मला त्या नावानं कधी हाक मारली नाही. मुंगी म्हटल्यावर काय आवाज निघतो ते मला माहीत नाही. पण जो निघेल तो माझाच असेल.

तुझी,
मुंगी